आमच्या बुशमध्ये चिप नसते

अकरा लेथ आणि ते चालवणारे अकरा टर्नर, अशी आमच्या वर्कशॉपची सुरुवात. बुश म्हणजे शाफ्टवर बसणारी धातूची नळी, पिना, स्पेसर, छोटे शाफ्ट असली कामं करायचो. गिऱ्हाईक ड्रॉइंगची निळी प्रिंट घेऊन स्वतः यायचं, टेबलावर पसरायचं आणि एका मापावर बोट ठेवून म्हणायचं, "एवढं सांभाळा." कागदावर न लिहिलेलं बरंच काही त्या बोटातून कळायचं. स्पर्धा होती ती पलीकडच्या शेडशी. त्यांना काय भाव पडतो ते आम्हाला ठाऊक, आमचा त्यांना.

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन, आम्ही उशिरा घेतलं. तसं ते तंत्र जुनंच. भोकं पाडलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत १९५२ मध्येच लोकांना दाखवलं होतं. पण मशीन चालवणारा कंट्रोलर आवाक्यात येईपर्यंत आमच्यासारख्यांनी नुसतं ऐकायचं. पहिलं मशीन उतरलं तेव्हा आमच्या सर्वांत जुन्या मिस्त्रींनी त्याला एक फेरी मारली आणि विचारलं, "याला कान कुठं आहेत?" टूल बोथट होत आलं की ते आवाजावरून ओळखायचे, निघणाऱ्या किसाचा रंग बघून स्पीड कमी करायचे. मशीनला कान नव्हते, पण हजारावा नग पहिल्यासारखाच निघायचा. आता चार सीएनसी आहेत. अकरांपैकी तिघं प्रोग्राम आणि सेटिंग शिकले, एक जण तपासणीला बसला. सगळ्यांना सामावून घेतलं, असं कंपनीची वाटचाल सांगताना लिहायची पद्धत आहे. आम्हाला ते जमलं नाही. बाकीचे पांगले.

मग ई-मेलवर ड्रॉइंगं येऊ लागली, समुद्रापलीकडून. बोट ठेवणारं कुणी नाही. पहिल्याच मोठ्या ऑर्डरीत आम्ही दोनशे ब्रॅकेट भंगारात घातले. माप एकूण एक बरोबर, मायक्रोमीटरला खोट काढता येणार नाही असं. फक्त भोक उलट्या बाजूला. ड्रॉइंगवर वस्तूच्या बाजू मांडायच्या दोन पद्धती आहेत. आमचे डोळे फर्स्ट अँगलला सरावलेले, आणि ड्रॉइंग अमेरिकी पद्धतीचं, थर्ड अँगल. त्यात उजवीकडून दिसणारी बाजू उजवीकडेच काढतात. आमच्या सवयीत ती डावीकडे. कोपऱ्यात छाटलेल्या शंकूचं नखाएवढं चिन्ह छापलेलं होतं, त्याचा अर्थच तो. आम्ही बघितलंच नाही. जागतिक बाजारपेठेत आमचा प्रवेश झाला तो असा, आरशातून.

एरवी अंतराचा प्रश्न आमच्या आधीच सुटला होता. १९५६ मध्ये मॅल्कम मॅक्लीन यांनी एका जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ मोठे डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. पुढं डब्यांची मापं जगभर एक झाली, आणि भरलेल्या कंटेनरमध्ये एका बुशच्या वाट्याला येणारं जहाजाचं भाडं नगण्य ठरलं. त्यामुळं आम्हाला लांबची गिऱ्हाइकं मिळाली. त्याच जहाजांनी आमची जवळची गिऱ्हाइकं पळवलीसुद्धा.

२०२१ साल मात्र विसरता येत नाही. मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवस वाट बंद. त्याची झळ आम्ही कशीबशी सोसली. खरा फटका इलेक्ट्रॉनिक चिपांनी दिला, आणि आमच्या बुशमध्ये चिप नसते! झालं असं, की २०२० मध्ये गाड्या खपेनात म्हणून मोटार कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी कमी केल्या. तेव्हाच घरून काम सुरू झालेलं, लॅपटॉपला मागणी वाढलेली. चिपवाल्यांनी आपली क्षमता तिकडं वळवली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा मोटारवाले रांगेत मागं, आणि त्यांची लाइन थांबली की आमचा माल कशाला हवा? तेल लावून, पिशव्यांत घालून खोकी रचलेली, उचलायला गाडी येईना. ऑपरेटर विचारायचे, "साहेब, आपलं काय चुकलं?" काहीच नाही. तेच समजावून सांगणं सगळ्यांत अवघड गेलं.

हल्ली थ्रीडी फाइल चढवली की काही मिनिटांत भाव सांगणाऱ्या साइट आहेत. आम्हाला हिशेबाला दोन दिवस लागायचे. आमचा सेटर फोनवरच्या भाषांतरानं परदेशी गिऱ्हाइकाशी थेट बोलतो, मला मध्ये घेत नाही. एआयनं लिहिलेला प्रोग्रामही आम्ही वापरून बघतो, पण पहिला नग सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ थांबवत. नग पकडणाऱ्या चकवर टूल आदळलं तर भरपाई आम्हालाच करायची असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. जगातलं बहुतेक टंगस्टन तिथलंच, आणि आमचे कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसणारे धारदार तुकडे, त्याचेच बनतात. आता इन्सर्टची सगळी टोकं वापरून झाल्याशिवाय नवा मिळत नाही. झिजलेले वेगळ्या डब्यात साठवतो. त्यांनाही गिऱ्हाईक आहे.

परदेशी मालासोबत उगमाचा दाखला भरावा लागतो. सळई एका देशाची, कंट्रोलर दुसऱ्या, इन्सर्टचं टंगस्टन तिसऱ्या. 'उत्पादनाचा देश' या रकान्यात जागा एकाच नावापुरती आहे. नियमाप्रमाणं भरतो, सही करतो आणि शिक्का मारतो.