तुम्ही विचारलंत म्हणून: पोकलेनला आडवा का येतो?

गावात पोकलेन यायची चर्चा सुरू झाली की कुणीतरी विचारतंच, "तलाव खोल झाला तर पाणीच वाढेल ना भाऊ, तुमचं पोट का दुखतं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गाळ काढायला माझी ना नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून साडेसहा हजारांवर मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. आमचं धान त्यांच्याच भरवशावर पिकतं. १९५०च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी गावाची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि तलावाची पार, म्हणजे बांध, सांभाळणारा मालकही उरला नाही. मग गाळ साचणारच. माझं भांडण आहे ते काठ खोदण्याशी.

तलावातला बराचसा जीव मधल्या खोल पाण्यात नसतो, तो काठच्या गुडघाभर पाण्यात असतो. तिथं ऊन तळापर्यंत पोचतं, देवधान, म्हणजे रानटी भात, आपोआप उगवतं, पाणवनस्पती माजतात आणि त्या झाडोऱ्यात मरळ अंडी घालते. पावसाळ्याच्या सुरुवातीला नीट बघा: तांबूस पिल्लांचा घोळका हवा घ्यायला पुन्हा पुन्हा वर येतो आणि त्यांच्याखाली मोठा मासा राखणीला असतो. (हात घालून बघू नका, अंगावर येतो.) काठ विहिरीसारखा उभा कापला की ही जागाच संपते. मग मासेमारांची सोसायटी कटला-रोहूचं बीज, म्हणजे पिल्लं, आणून सोडते. ते मासे थांबल्या पाण्यात वाढतात, पण विणत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणा. देशी मासा फुकट मिळत होता, तो गेला. त्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

सारसाचंही तेच. माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदियातच उरलाय. उथळ पाण्यात उभा राहून तो चिखलातले कंद उकरतो. दोन पुरुष खोल पाण्यात त्यानं काय करायचं?

कायदा मदतीला येईल म्हणाल, तर २०१७च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळलेत. म्हणजे कागदावर आमचे तलाव पाणथळ नाहीतच. खरं काम केलंय ते गोंदियातल्या अर्जुनी मोरगावकडच्या धीवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायकांनी. त्यांनी तलावात माजलेलं बेशरम नावाचं परकं झुडूप उपटलं आणि देशी पाणवनस्पती आणून लावल्या. कुठल्या झाडोऱ्यात कुठला मासा राहतो, हे त्यांना विचारावं, इंजिनिअरला नव्हे.

तेव्हा पोकलेन येऊ दे. मधला गाळ उचला, शेतात टाका, फक्त काठाचा उतार आणि त्यावरचा झाडोरा सोडा. खोदाई सुरू व्हायच्या आधी धीवर सोसायटीला बांधावर बोलावून हद्द आखून घ्या. येत्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे. तुम्हीही या, हात वर करायला माणसं लागतात.