माळवदाच्या घरातलं वायफाय : आठवडा दुसरा

अंबाजोगाईचं आमचं घर जुनं, माळवदाचं. भिंती दोन-अडीच हात रुंद, दगडमातीच्या. त्यामुळं लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली) टाकलेल्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटायला लागलं, तेव्हा पहिला आठवडा माझा सगळा संशय भिंतींवरच होता. राउटर ओसरीवरून मधल्या खोलीत आणला. तरी तेच.

शनिवारी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, माझा मोबाइल तर इथंच बरोबर चालायलाय की." मग दोन्ही एकाच कोनाड्यात, राउटरपासून चार पावलांवर ठेवून मोजलं. मोबाइलवर उणे ५०, लॅपटॉपवर उणे ८४ डीबीएम. (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला.) डीबीएममध्ये १० चा फरक म्हणजे शक्तीत दहापट. इथं फरक ३४ चा, म्हणजे दोन हजार पटींच्याही वर! आणि मधे भिंत एकही नाही.

मग लिनक्सच्या कमांड चालवून बघितल्या. वायफाय बंद केलंय का ते दाखवणाऱ्या आरएफकिलमध्ये कुठंच ब्लॉक नव्हता. सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये फर्मवेअरची (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची) तक्रार नव्हती. वायफायचं पॉवर सेव्ह (वीज वाचवणं) बंद केल्यावर पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, थोडं स्थिर झालं, सिग्नल मात्र जागचा हलला नाही.

जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआयनं वायफायची चिप सांगितली : आरटीएल ८७२३बीई. (ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची, त्यामुळं लॅपटॉपला राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसणारच नाही. तो बिघाड समजू नका.) मॉडइन्फो या कमांडनं तिच्या ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) माहिती काढली, तर त्यात 'अँट_सेल' नावाचा पर्याय : १ किंवा २ देऊन अँटेना ठरवा. बॅटरी काढून मागचं झाकण उघडलं. कार्डावर अँटेनाच्या जागा दोन, वायर एकच जोडलेली! ड्रायव्हर रिकाम्या जागेवरून ऐकत होता.

मॉडप्रोब या कमांडनं ड्रायव्हर काढून आधी १ देऊन चढवला. काही फरक नाही. मग २ दिला, आणि आकडा उणे ४९ वर आला. मी तीनदा तपासला, तिन्ही वेळा तोच. ड्रायव्हर शोधताना असे पर्याय आधी वाचावेत असं मला आता मनापासून वाटतं. माझा आठवडा वाचला असता.

कायमचं करायला ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये एक कॉन्फ (सेटिंगची) फाइल केली, त्यात एकच ओळ : ऑप्शन्स, ड्रायव्हरचं नाव, अँट_सेल=२. रीस्टार्टनंतरही टिकलं.

राउटर परत ओसरीवर नेला. दोन भिंतींपलीकडून उणे ६६, बहिणीचा व्हिडिओ न थांबता चालला. लॅपटॉप झोपेतून उठला की जोडणीला पंधरा-वीस सेकंद लागतात, ते अजून बाकी आहे. पुढच्या रविवारी तेच बघतो.