जपानला येताय? शहरं कमी करा, मेतकूट जास्त घ्या

सध्या जपानहून सुट्टीवर पुण्यात आलेय आणि घरी येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात आला की जपानचा विषय काढतोच. परवा आमच्या सोसायटीतले काका त्यांचा प्लॅन घेऊन आले, एक्सेल शीट, रंगबिरंगी, आठ दिवसांत टोकियो, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योटो, नारा, ओसाका आणि हिरोशिमा. मी म्हटलं काका, यातली निम्मी शहरं उडवा. काकांचं तोंड एवढंसं झालं, पण काकू मागून म्हणाल्या, "मी हेच सांगत होते."

खरंच सांगते, जपानमध्ये दमवतं ते फिरणं नाही, हॉटेल बदलणं दमवतं. चेकआउट दहा-अकराला, पुढच्या हॉटेलचं चेकइन दुपारी तीनच्या आत नाही, मधले चार-पाच तास तुम्ही आणि तुमच्या बॅगा. आणि रूम एवढ्याशा असतात की दोन मोठ्या सुटकेस एकाच वेळी जमिनीवर उघडता येत नाहीत, एकाने बेडवर चढून बसायचं मग दुसऱ्याने कपडे काढायचे. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे, चार रात्री टोकियो आणि चार रात्री क्योटो किंवा ओसाका, बस. बाकीचं सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. टोकियोहून कामाकुरा तासाभरावर, निक्को दोन तासांवर, क्योटोहून नारा पाऊण-एक तास, आणि हिरोशिमा करायचंच असेल तर ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण दीड तास. रोज त्याच खोलीत परत आलं की आई-बाबांचे गुडघे पण खूश असतात.

शहरं कमी केली की जेआर पासचा, म्हणजे ठरावीक दिवस जपान रेल्वेने हवं तेवढं फिरायच्या पर्यटकांच्या पासाचा, प्रश्न पण आपोआप सुटतो. इकडे अजून सगळे "पास काढलाच पाहिजे" म्हणतात, पण ते जुनं गणित आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन केला त्यांनी. टोकियो-क्योटो एका बाजूचं शिंकान्सेनचं तिकीट साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. मग पास कशाला? वर त्या पासवर नोझोमी, म्हणजे सगळ्यात फास्ट गाडी, त्यात बसायचं तर वेगळे पैसे. (रुपयात हिशोब करताना येनच्या निम्म्याहून थोडं जास्त धरा, अंदाजाला पुरतं.) टोकियोहून क्योटोकडे जाताना साध्या डब्यात ई नंबरची खिडकी मागा, निघाल्यावर साधारण पाऊण तासाने उजवीकडे फुजी दिसतो. दिसतो म्हणजे थंडीत सकाळी दिसतो, उन्हाळ्यात ढगात असतो, तेव्हा मला शिव्या देऊ नका.

बॅगेचं अजून एक. शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर बॅग गेली तर त्यासाठीची जागा आधी रिझर्व्ह करावी लागते, आणि आपल्याकडे मुंबईच्या विमानासाठी ज्या भल्यामोठ्या सुटकेस घेतात ना त्या बऱ्याचदा या मापाच्या जवळपास असतात, घरीच टेप लावून बघा. त्यापेक्षा सोपं म्हणजे ताक्युबिन. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, दोन-तीन हजार येन द्यायचे, दुसऱ्या दिवशी बॅग तिकडे हजर. एक रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली की झालं. माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात वसूल खर्च हाच, पण पुणेकर माणूस तीन हजार येन वाचवायला जिन्यावरून बॅग ओढणार हे पण मला माहितीये.

जिने आणि चालणं, याचा अंदाज इथे बसून येतच नाही. प्रत्येक मोठ्या स्टेशनला लिफ्ट असते, पण ती कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधेपर्यंत जिना चढून होतो. एकट्या शिंजुकु स्टेशनला २०० च्या वर एक्झिट आहेत, "बाहेर भेटू" म्हणालात तर भेटलात! एक्झिटचा नंबर ठरवा. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, म्हणून यायच्या आधी महिनाभर तळजाई नाहीतर हनुमान टेकडी सुरू करा, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी करत नाही. बूट वापरलेले आणि पटकन निघणारे घाला कारण देवळात, जुन्या घरात, काही रेस्टॉरंटमध्ये सारखे काढायला लागतात. आणि मोजे फाटके नकोत, प्लीज.

आता जेवण. इथे मात्र सावकाश वाचा, विशेषतः घरात कोणी पक्कं शाकाहारी असेल तर.

माझी मावशी आली होती, सदाशिव पेठेतली, अंडं पण नाही. एका छोट्या दुकानात आम्ही उदोन मागवलं, नुसत्या जाड शेवया, वर कांद्याची पात, रस्सा अगदी स्वच्छ पाण्यासारखा. मावशीने बाऊल जवळ ओढला, वास घेतला आणि परत सरकवला. "यात मासा आहे." वाढणारी मुलगी बिचारी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती, तिच्या हिशोबाने त्यात मासा नव्हताच, दाशी होती. दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाच्या चकत्या आणि समुद्री शेवाळ उकळून केलेलं पाणी, आणि ते मिसो सूपमध्ये, उदोन-सोबाच्या रश्श्यात, भाजीच्या डब्यात, सॉसमध्ये, सगळीकडे असतं. आपल्या फोडणीसारखं समजा, कोणी वेगळं मोजतच नाही. त्यामुळे "व्हेजिटेरियन" म्हणून सांगून उपयोग नाही, मांसही नको, मासेही नको आणि दाशीही नको असं तिन्ही वेगवेगळं सांगायचं. एका कार्डावर जपानीत लिहून घ्या. पुण्यात जपानी शिकणारं कोणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतंच, रानडे इन्स्टिट्यूटला किंवा टिळक विद्यापीठात जाणारी भाची-पुतणी शोधा आणि तिच्याकडून लिहून घ्या, ट्रान्सलेट अॅपपेक्षा बरं येतं.

मिळतं काय मग? मिळतं. टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान म्हणून दुकान आहे, पूर्ण व्हीगन रामेन, मावशीने तिथे सूप सुद्धा संपवलं. क्योटोत आराशियामाला तेन्र्यूजी देवळाच्या आवारात शिगेत्सु आहे, तिथे शोजिन र्‍योरी मिळतं, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण, त्यात कांदा-लसूण पण नाही, आमच्या मावशीला तर चातुर्मासाचंच वाटलं. भारतीय हॉटेलं ढीगभर आहेत, बरीचशी नेपाळी लोक चालवतात, नान परातीएवढा देतात. आणि टोकियोत निशिकासाईला गेलात तर हळद-हिंगापासून सगळं मिळतं, आपली माणसं इतकी आहेत तिथे की स्टेशनबाहेर मराठी ऐकू येतं. कोम्बिनी, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन वगैरे, तिथे केळी, दही, दूध, मिठाचा साधा भाताचा गोळा घ्या, पण पाकिटावर कॅमेरा धरून वाचल्याशिवाय काही उचलू नका, चिप्समध्ये पण चिकनचा अर्क असतो. र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या हॉटेलात राहणार असाल तर शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच कळवा, तिथे जाऊन सांगितलंत तर ते माफी मागतील आणि तुम्ही उपाशी राहाल.

म्हणून मेतकूट. हॉटेलच्या रूममध्ये पाणी गरम करायची किटली जवळपास नक्की असते, गरम पाणी घातलं की होणारे उपमा-पोहे, चहाची पूड, लोणच्याचं छोटं पाकीट, भाकरवडी, चकली हे सगळं आणा. पण ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या, बिया काही आणू नका, सर्टिफिकेटशिवाय एअरपोर्टवर काढून घेतात, हापूसच्या पेटीचा तर विचारही नको. मांसाचं काहीही चालत नाही. आणि इथून छोटा कुकर किंवा इंडक्शन आणायची कल्पना सोडा, तिकडे वीज १०० व्होल्ट, मोबाईलचा चार्जर चालतो पण आपली हीटिंगची उपकरणं धड चालत नाहीत. सॉकेट चपट्या दोन पिनांचं, अॅडॉप्टर लक्ष्मी रोडवरच घ्या.

औषधांच्या बाबतीत जपानी लोक फार कडक आहेत. डॉक्टरने लिहून दिलेल्या नेहमीच्या गोळ्या एक महिन्यापुरत्या आणता येतात, त्याहून जास्त हव्या असतील तर आधी परवानगी काढावी लागते. इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, बरोबर ठेवा आणि गोळ्या पाकिटातच राहू द्या, डबीत काढून वारांप्रमाणे लावू नका. सर्दीच्या ज्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असतं त्यांना तिथे बंदी आहे, कोडीनवाली कफ सिरप पण भानगडीची. म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला यादी दाखवूनच बॅग भरा.

टॉयलेटची काळजी मात्र अजिबात करू नका. आपल्या लोकांना परदेशात जी एक चिंता असते ती जपानमध्ये मिटते, पाण्याचा जेट असतो, तोही कोमट, सीट गरम. फक्त बसायच्या आधी बंद करायचं बटण कुठलं ते बघून ठेवा, चौकोन काढलेलं असतं ते, नाहीतर घाबरून उठलात की कारंजं अंगावर.

पैशाचं पटकन सांगते. सुइका कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, ते घ्या, ट्रेन, बस, कोम्बिनी सगळीकडे चालतं, आयफोन असेल तर फोनमध्येच होतं, आपल्याकडच्या अँड्रॉइडवर सहसा होत नाही. पर्यटकांचं वेलकम सुइका २८ दिवस चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे थोडे भरा. कॅश लागतेच, छोटी दुकानं, देवळं. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये आपलं कार्ड चालतं. काउंटरवर पैसे हातात देऊ नका, ट्रे असतो त्यात ठेवा. टीप कुठेच नाही, ठेवलीत तर मागे पळत येऊन परत देतील. कचऱ्याचे डबे रस्त्यावर दिसत नाहीत, एक पिशवी जवळ ठेवा आणि हॉटेलवर आणून टाका. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, आणि आपसातही जरा हळू, आपल्या ग्रुपचा आवाज अख्ख्या डब्यात जातो. पासपोर्ट कायम जवळ, कायदाच आहे तसा. पोलिसांना ११०, अॅम्ब्युलन्सला ११९.

पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून नाहीतर बँकॉक-सिंगापूर करून या, पण टोकियोला शक्यतो हानेदा एअरपोर्ट घ्या, नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे आणि मध्यरात्रीनंतर ट्रेन बंद, मग टॅक्सीला वीस हजार येनच्या वर सहज जातात. शाळांच्या सुट्टीत यायचं तर २९ एप्रिल ते ५ मे टाळा, तिकडची गोल्डन वीक असते, सगळा जपान तेव्हाच बाहेर पडतो. त्यानंतरचा मे मस्त. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, टोकियो-क्योटोत मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकं परीक्षांच्या वेळी, त्याला इलाज नाही. जून-जुलैत पाऊस, ऑगस्टमध्ये आपल्या एप्रिलला लाजवेल असा घामट उकाडा, सप्टेंबरात वादळं. लाल पानं बघायची तर क्योटोला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा.

एक दिवस शिल्लक राहिला तर ओकायामाला जा. सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएनवरून केली ती तिथे आहे, शिन-ओसाकाहून नोझोमीने पाऊण तास, सगळ्या नोझोमी थांबतात. फक्त आपल्या बागेसारखं तासाभरात उरकायला जाऊ नका, बाग खूपच मोठी आहे, शेजारी काळ्या रंगाचा किल्ला आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर स्टेशनवर पांढरे पीच मिळतात ते खाऊनच गाडीत बसा, भारतात आणता येत नाहीत.