ब्लूनोझच्या फळ्या

काल रात्री पावणेबाराला शेवटची फळी बसली. नोव्हेंबरमध्ये लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या किटचा डबा उघडला होता, आता मे उजाडला, म्हणजे कॅनडातला अख्खा हिवाळा बेसमेंटमध्ये या एका जहाजासोबत गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

जहाज म्हणजे ब्लूनोझ. इकडे राहणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ती असतेच, दहा सेंटच्या नाण्यावर, १९३७ पासून. इतकी वर्षं ते नाणं पार्किंगच्या मशीनमध्ये टाकलं पण निरखून कधी बघितलं नव्हतं, मग दोन वर्षांपूर्वी नोव्हा स्कोशियात लुननबर्गला गेलो आणि तिथे तिची गोष्ट कळली, तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. १९२० मध्ये अमेरिकेतल्या ग्लॉस्टरच्या बोटीनं इथल्या मच्छीमारांना शर्यतीत हरवलं, ते लोकांच्या जिव्हारी लागलं, मग विल्यम रूए यांनी नवीन स्कूनरचं (दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाचं) डिझाइन केलं, २६ मार्च १९२१ ला ती पाण्यात उतरली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये कप्तान अँगस वॉल्टर्सनी ट्रॉफी परत आणली. पण मला आवडतं ते हे की ती नुसती शर्यतीची बोट नव्हती, कामाची होती. ग्रँड बँक्सवर, म्हणजे न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ समुद्रात जाऊन कॉड मासे मारून आणायची. शेवटी विकली गेली, माल वाहायला लागली आणि १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आपटून बुडाली. हे वाचून मला खरंच भरून आलं होतं.

तर किट १:६४ चं. १४३ फुटांचं जहाज सव्वादोन फुटांत येतं, रुंदी पाच इंच. डब्यात प्लायवूडचा कणा, त्यात खाचेत बसणाऱ्या आडव्या बरगड्या, बासवूड या मऊ लाकडाच्या पट्ट्या, दोऱ्यांची रिळं आणि प्लॅन्सचे मोठे कागद. सगळे विचारतात शिडं कधी, दोऱ्या कधी, फोटो टाक. पण जहाज बनतं ते बरगड्या घासताना. बरगडीची कड सरळ कापलेली असते आणि फळी तर वळत जाते नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, म्हणून प्रत्येक कड तिरकी घासायची, एक पातळ पट्टी नाळेपासून मागपर्यंत आडवी धरायची आणि बघायचं कुठे टेकत नाहीये, कुठे उचलली जातेय. टेकत नसेल तिथे पातळ चकती चिकटवायची, उचलली जात असेल तिथे पुन्हा घासायचं. मला यालाच तीन आठवडे लागले. यात घाई केली तर पुढे कितीही पुट्टी भरा, रंग दिल्यावर प्रकाशात खड्डे दिसतातच.

आणि एक चूक माझ्याकडून झाली ती सविस्तर सांगतो कारण नवीन माणसाला नक्की उपयोगी पडेल. एका रविवारी हात छान बसला होता म्हणून डाव्या बाजूच्या पाच फळ्या सलग लावल्या. सकाळी मागून एक डोळा मिटून बघितलं तर कणा डावीकडे ओढलेला, चांगला तीन मिलिमीटर. पोटात गोळाच आला. वाकवलेली प्रत्येक फळी सरळ व्हायला बघते आणि समोर तेवढीच ओढणारी फळी नसेल तर कणा तिच्याकडे जातो. पांढरा ग्लू होता म्हणून वाचलो, गरम पाण्याचं फडकं ठेवून ठेवून पाचही सोडवल्या, कणा दोन सरळ पट्ट्यांच्या मध्ये क्लॅम्प करून चार दिवस ठेवला आणि मग एक डावीकडे, एक उजवीकडे असं सुरू केलं. शेवटपर्यंत तेच.

फळी आहे त्या रुंदीची लावूनही चालत नाही. मध्ये घेर मोठा, नाळेपाशी लहान. कागदाची पट्टी बरगडीवर गुंडाळून घेर मोजायचा, फळ्यांच्या संख्येनं भागायचं, आणि प्रत्येक फळी पुढे निमुळती तासायची. वाकवायला गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वर छोटी इस्त्री. लहानपणी मालवणला आजोळी गेलो की किनाऱ्यावर होडीचं काम चालायचं तिथे मी तासन् तास बसायचो, फळी जाळावर शेकत शेकत, पाणी मारत वाकवायचे, तो ओल्या लाकडाचा वास परवा बेसमेंटमध्ये आला आणि मी इस्त्री बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो.

आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, "झालां काय रे तुझां गलबत?" काल तिला कॅमेरा जवळ नेऊन नाळ दाखवली, ती म्हणाली रंग नको लावूस, लाकूडच छान दिसतंय. पण ब्लूनोझ काळीच हवी, खाली लाल. तिला ते काही पटलेलं नाही.

आता घासकाम, मग रंग, मग डोरी. या चपट्या तळाच्या छोट्या होड्या, आतल्या बसायच्या फळ्या काढून डेकवर एकात एक रचून ठेवायचे आणि बँक्सवर पोचलं की दोन दोन माणसं घेऊन समुद्रात सोडायचे. लेकीला त्यातली एक स्वतः करायचीय, तिचं तिनं सँडपेपर वेगळं काढून ठेवलंय.

खरं जहाज बांधताना डोलकाठीच्या बुडाखाली नाणं ठेवायची जुनी रीत आहे. मी डेक बसवायच्या आधीच मोठ्या डोलकाठीच्या खाचेच्या बुडाशी एक डाइम, म्हणजे तेच दहा सेंटचं नाणं, चिकटवून टाकलंय, ब्लूनोझची बाजू वर.