बिननावाचे डबे

माहेरी गेले होते परवा, दुपारी चहा टाकायला म्हणून ओट्यापाशी गेले तर सगळ्या डब्यांवर लेबलं! वहिनीने ते छोटं लेबल प्रिंटर मागवलंय ऑनलाइन, मोबाइलला जोडायचं की पांढरी चिठ्ठी बाहेर. साखर, चहा, रवा बारीक, रवा इडली. काचेच्या बरणीत मोहरी ढळढळीत दिसतेय तरी वर मोहरी लिहिलंय. "ताई, आता कुणालाही सापडेल," वहिनी म्हणाली. खरंच आहे, सापडलं मला लगेच, आणि उगाचच जरा वाईट वाटलं. पाहुणी असल्यासारखं.

कारण या घरात डब्यांवर काय आहे ते लिहायची पद्धतच नव्हती. पोचा आलेला डबा तिखटाचा, झाकण घट्ट बसतं तो भाजणीचा, बोर्नव्हिटाच्या बाटलीत जिरं, श्रीखंडाच्या डब्यात मेतकूट आणि परदेशी बिस्किटांच्या त्या निळ्या गोल डब्यात बिस्किटं कधीच नाहीत, सुईदोरा नि जास्तीची बटणं, हे तुमच्याकडेही असणारच. लोडशेडिंगच्या काळात आई अंधारात हात घालून बरोबर हिंगाची डबी काढायची. पिठीसाखर आणि खायचा सोडा मात्र चाखूनच बघायचा, त्याला इलाज नव्हता.

आणि गंमत म्हणजे भांड्यांवर लिहिलेलं तर असायचं! भरपूर असायचं. फक्त आत काय आहे ते सोडून बाकी सगळं. स्टीलच्या दुकानात तो नाव घालून देणारा माणूस बसायचा, हातात ते वायर लावलेलं पेन, कर्रर्र असा आवाज दाताला झोंबणारा, आणि त्यातून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटायची. मला तिथून हलायचंच नसायचं. 'चि. सौ. कां. हिच्या विवाहप्रीत्यर्थ अमुक यांजकडून सप्रेम भेट', खाली तारीख. चार वाट्या दिल्या तर चारहीवर नाव. म्हणजे कुणी दिलं ते पिढ्यान्‌पिढ्या कळावं, आत डाळ आहे का साबुदाणा ते तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडे एका मावशीचं नाव तर केवळ तांदळाच्या डब्यामुळे रोज घेतलं जातं, "मावशीचा डबा काढ" असं, ती जाऊन किती वर्षं झाली तरी.

गावाला देवळामागे वीरगळ आहेत, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, तेही असेच. लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरं खायचो, आडवे पडलेत त्यावर बायका पापड वाळत घालायच्या, एकाला कुणीतरी शेंदूर फासलाय. कुणाला विचारलं तर "देवाचे दगड" एवढंच. नीट बघितलं तर सगळी गोष्ट आहे त्यावर, खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गुरं सोडवताना गेला बिचारा, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. फक्त नाव नाही. कर्नाटकात बऱ्याच वीरगळांवर लेख असतात, आपल्याकडे बहुतेक मुके. बोरिवलीला एकसरमध्ये तर चक्क समुद्रातली लढाई कोरलीय, वल्ह्यांच्या जहाजांची रांगच्या रांग, आणि ती नक्की कुठली लढाई यावर अभ्यासकांचं अजून चाललंय.

याउलट गधेगळ! जमीन दान दिली, कुणी बळकावू नये म्हणून दगड उभा केला, त्यावर मजकूर कोरला आणि खाली गाढवाचं ते अचकट चित्र. म्हणजे ज्याने जीव दिला त्याचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही आणि जमीन लाटणाऱ्याला घातलेली शिवी मात्र शेकडो वर्षं उन्हापावसात टिकून! मला तर ते फार आपलं वाटतं. दगड कोरला तेव्हा गावात सगळ्यांना ठाऊकच असणार हा कुणाचा ते, घरची माणसं रोज येताजाता बघत असणार, मग लिहायचं कुणासाठी? शिवी लिहावी लागते, ती परक्यासाठी असते.

हे सगळं मी वहिनीला सांगत बसले नाही. तिने नोकरी सांभाळून लेबलं लावलीत, भाऊ आता स्वतःचे पोहे स्वतः करतो, ते काय कमी आहे.

पण चहा घेता घेता आजीचं पातेलं निघालं, पितळी, तिच्या लग्नातलं. काठावर तिच्या वडिलांचं नाव आहे, आमचं आडनाव आहे, गावाचं नावसुद्धा आहे. तिचं नाव नाही. लग्नात तांदळात अंगठीने लिहून जे नवीन नाव ठेवलं तेच आम्हाला माहीत, त्याच्या आधीचं काय होतं? बाबा म्हणाले, कृष्णा असावं बहुतेक. आई म्हणाली, छे, कृष्णा तिची बहीण. मग दोघांचं त्यावरून जुंपलं, आणि तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.