पाव मात्रा आधी

काकांनी पहिलं पान हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "हे लिहिताना उचकी लागली होती का रे तुला?"

कर्वे रस्त्यामागच्या गल्लीतला स्टुडिओ, चार तासांची शिफ्ट. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो. काका लष्कर भागातले, चाळीसेक वर्षं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचून वाजवणारे. काम एका माहितीपटाच्या पार्श्वसंगीताचं. एरवी माझी तंतुवाद्यं सॅम्पल लायब्ररीतूनच यायची, म्हणजे खऱ्या वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले सूर कॉम्प्युटरवर वाजवायचे. खऱ्या वादकांना पैसे देणारा निर्माता पहिल्यांदाच भेटला होता. त्या आनंदात रात्री दोन वाजता मी संगीताच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्यांचे पार्ट, म्हणजे ज्याने-त्याने वाजवायची पानं, छापले आणि न बघता पिशवीत टाकले.

उचकी कुठून आली ते सांगतो. सॅम्पलमधलं लेगाटो, म्हणजे सूर न तोडता जोडून वाजवणं, आळशी असतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वादकाने घेतलेला सांधा रेकॉर्डिंगमध्येच असतो, त्यामुळे कीबोर्डची पट्टी दाबल्यावर नवा सूर पुरता लागायला शंभर-दीडशे मिलिसेकंद जातात, काही लायब्रऱ्यांत त्याहूनही जास्त. म्हणून नोट्स आधी ओढाव्या लागतात. मी त्या माउसने धरून 150 मिलिसेकंद डावीकडे सरकवल्या होत्या. ऐकायला झकास. पण क्यूचा, म्हणजे संगीताच्या त्या तुकड्याचा, टेम्पो होता मिनिटाला 100 मात्रा, म्हणजे एक मात्रा 600 मिलिसेकंदांची. माझं सरकवणं बरोबर पाव मात्रेचं! सॉफ्टवेअरने इमानदारीत तेच छापलं: प्रत्येक लांब सुराला बारच्या (मात्रांच्या ठरावीक गटाच्या) रेषेआधी एक चिमुकली शेपटी आणि तिथून पुढच्या बारमध्ये टाय, म्हणजे तोच सूर पुढे जोडणारी कमान. पानभर शेपट्या. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, मी त्याला तसंच सांगितलं होतं.

माझ्याबरोबर मदतीला येणारा मुलगा हे सगळं कोपऱ्यातून बघत होता. तीन आठवडे तो माझं डोकं खात होता, "दादा, ऑर्केस्ट्रासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" एक्सेलमध्ये तक्ता केला होता पठ्ठ्याने. मी ठरलेलं उत्तर द्यायचो: मॅक असेल तर लॉजिक, विंडोज असेल तर क्यूबेस, खिसा रिकामा असेल तर रीपर, 60 दिवस वापरून बघ.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. "वरची लाइन सगळी सारखीच पुढे आलीय. शेपट्या खोडा, सूर बारवर घ्या." व्हायोलिनवाल्यांनी दोन मिनिटांत पानं साफ केली. व्हायोलांचं मात्र जमेना. तिथे तुटक स्वर होते, ते मी वेगळ्या मापाने सरकवले होते, काही तर नुसते कानाला बरे वाटले म्हणून. त्यांचा पार्ट काकांनी माझा कच्चा ट्रॅक दोनदा ऐकून हातानेच लिहिला. शिवाय सोळा बारच्या माझ्या अखंड स्लरखाली (एका गजात वाजवायच्या सुरांवरच्या कमानीखाली) गज कुठे बदलायचा त्याच्या खुणा केल्या. "सॅम्पलचा गज संपत नसेल, आमचा संपतो." तोवर मी जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बाकीचे क्यू दुरुस्त करत होतो. पहिला तास असाच गेला. चहाचे पैसे मी दिले, बोलायची सोयच नव्हती.

नोट जागेवर ठेवून ट्रॅकलाच उणे डिले देता येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कंटाळा केला होता. लेगाटो, स्पिकाटो (गज उडवून), पिझिकाटो (बोटाने छेडून) वेगळ्या ट्रॅकवर टाकून प्रत्येकाला त्याचा डिले द्यायचा, म्हणजे वाजतं आधी, छापतं जागेवर. क्यूबेसमध्ये एक्स्प्रेशन मॅप आहेत, लॉजिकमध्ये आर्टिक्युलेशन सेट; गज कसा चालवायचा ते नोटवरच नोंदवता येतं, की-स्विचचे, म्हणजे वाजवण्याची पद्धत बदलायला दाबायच्या पट्ट्यांचे, खालचे बिनकामाचे सूर पानावर येत नाहीत. क्यूबेस 14 पासून तर त्यातलं नोटेशन डोरिको या स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवर बेतलेलं आहे. आणि डिजिटल परफॉर्मर या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये एकाच फाइलीत सगळे क्यू वेगवेगळे ठेवता येतात, दिग्दर्शकाने "लॉक" झालेलं, म्हणजे अंतिम ठरलेलं, चित्र पुन्हा कापलं की त्याची किंमत कळते. ते कापतातच.

संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून मुलाने तक्ता उघडला.

"दादा, एक रकाना राहिलाय. ऑर्केस्ट्राचा आवाज कशात चांगला?"

"आवाज लायब्ररीचा रे. कशातही उघड, तोच येणार."

नळस्टॉपच्या सिग्नलपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मग हा रकाना काढून 'छपाई' टाकू?"