सप्रेम भेट थाळी आणि क्रेप्पा

रेक्याविक, आइसलँड, २१ जानेवारी २००९, बुधवार रात्र

कानात अजून ठणठण चालूच आहे. झोप येत नाही म्हणून लिहायला बसलोय, तसंही उद्या ऑफिस नाही, ऑक्टोबरमध्ये इथल्या बँका बुडाल्या ना, आता आठवड्यातून अडीचच दिवस असतं.

काल संसद ख्रिसमसच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा भरणार होती, दुपारी दीडला, आणि आदल्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, वाजवायला काहीतरी घेऊन या. मी जायचं नाही असं पक्कं ठरवलेलं. माझं परमिट नोकरीला बांधलेलं, नोकरी अर्धी उरलेली, आणि उगाच पेपरातल्या फोटोत दिसलो तर कोणाला काय सांगत बसू. पण खाली उतरलो तर जिन्यात खालच्या मजल्यावरची अम्मा. अंगात लोकरीचा स्वेटर, एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात ते भलंमोठं पातेलं ज्यात तिने ऑक्टोबरमध्ये स्लाउतुर, म्हणजे मेंढीच्या रक्ता-काळजाचा पदार्थ, शिजवलं होतं. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, तुझं पातेलं कुठंय? आता काय बोलणार. परत वर गेलो आणि थाळी-लाटणं घेऊन आलो.

(अम्मा म्हणजे साउथची नाही. आइसलँडिकमध्ये आजीला अम्माच म्हणतात, तिची नातवंडं हाक मारतात तीच मी उचलली. खरं तर इथे सगळ्यांना नुसत्या नावाने बोलवायचं, पंतप्रधानाला सुद्धा, टेलिफोन डिरेक्टरी पण पहिल्या नावाने लावलेली असते. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभच वळत नाही, गोरेगावात वाढलोय मी.)

थाळी आईने २००६ मध्ये निघताना बॅगेत कोंबलेली, लग्नात कोणीतरी दिलेली, मागे मशीनने कोरलंय 'सप्रेम भेट' आणि पुढचं नाव घासून घासून गेलंय. त्या थाळीवर काल चार तास लाटणं आपटलं. आउस्तुरवोत्लुर चौक आपल्याकडच्या एखाद्या मैदानाच्या मानाने काहीच नाही, मध्ये यांच्या स्वातंत्र्यचळवळीचा पुढारी योन सिगुर्डसनचा पुतळा, समोर दोन मजली दगडी घर, १८८१ मध्ये बांधलेलं, तीच संसद. खिडकीला हात लावता येईल इतक्या जवळ लोक. ड्रम, शिट्ट्या, पातेली, आणि सगळे एका सुरात 'वानहाइफ रिकिस्त्योर्न', म्हणजे नालायक सरकार. अर्ध्या तासाने माझ्या लाटण्याला आपोआप आरतीचा ठेका आला, शेजारचा दाढीवाला पोरगा माझ्याकडे बघून तसंच वाजवायला लागला, आणि मग आमचा आठ-दहा जणांचा कोपरा 'सुखकर्ता'च्या तालावर नालायक सरकार म्हणत होता. हसू येत होतं आणि घशात काहीतरी अडकत पण होतं, का ते माहीत नाही.

लोकांनी भिंतींवर अंडी मारली आणि स्किर. स्किर म्हणजे आपला चक्काच, मी त्यात वेलची-केशर घालून दर पाडव्याला श्रीखंड करतो, बाहेर लोकांना खायची मारामार आणि इकडे तो चक्का संसदेच्या खिडकीवरून ओघळतोय. क्रांती वगैरे ठीक आहे पण जीव तुटला. साडेचारला अंधार पडला, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, मी अम्माला ओढत मागे आणलं तर तीच माझ्यावर ओरडली. पाचला तिकडे वॉशिंग्टनमध्ये ओबामाची शपथ चालू होती, इथे लोक शेकोटी पेटवत होते. रात्री ऑस्लोहून दरवर्षी भेट येतं ते ख्रिसमसचं झाड सुद्धा जाळलं म्हणे, तोपर्यंत आम्ही घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसलेलो. या देशात पैसा संपला तरी गरम पाणी संपत नाही, जमिनीतूनच येतं, अंड्यासारखा वास येतो, पण येतं.

थाळीला बरोब्बर 'सप्रेम'च्या मागे पोचा आलाय. टेबलवर ठेवली की डुगडुगते.

२५ जानेवारी, रविवार

बुधवारी रात्री उशिरा अश्रुधूर सोडला. १९४९ नंतर पहिल्यांदाच, अम्मा म्हणाली, तेव्हा नाटोत सामील होण्यावरून झालं होतं आणि ती अठरा वर्षांची होती. एखाद्या लग्नाची आठवण सांगावी तसं सांगत होती.

आज शिवणक्लब होता, नाव शिवणाचं पण चालतं विणकाम. असे क्लब इथे घरोघरी, शाळेतल्या मैत्रिणी चाळीस-चाळीस वर्षं महिन्यातून एकदा जमतात. अम्माचा मध्ये बंदच पडला होता, २००६-०७ मध्ये कोणाला वेळच नव्हता, सगळ्या वीकेंडला शॉपिंगला ग्लासगो नाहीतर मिनिआपोलिसला. मला तर दोन वर्षांत या बिल्डिंगमधल्या कोणी चहाला बोलावलं नव्हतं, आणि मी पण त्याच नशेत, आमच्या ऑफिसात तेव्हा २२ माणसं, टॉवर काय, मॉल काय, रात्री अकरापर्यंत ड्रॉइंग्ज. ६ ऑक्टोबरला दुपारी चारला पंतप्रधान गेइर हार्दे टीव्हीवर आला, आम्ही सगळे एका लॅपटॉपभोवती, मला निम्मं कळत होतं पण शेवटी 'देव आइसलँडचं भलं करो' म्हणाला तेव्हा शेजारची मुलगी रडायलाच लागली. त्या आठवड्यात तिन्ही मोठ्या बँका, लांड्सबांकी, ग्लितनिर, काउपथिंग, सरकारच्या ताब्यात. देव बिव इथे भाषणात कोणी घेत नाही, म्हणून सगळे घाबरले. ख्रिसमसपर्यंत ऑफिसात सहा उरलो, त्यातला मी अर्धा. घर नाही तर आर्किटेक्ट नाही, सरळ हिशोब. बंदरावरचा कॉन्सर्ट हॉल सुद्धा अर्धवट उभा आहे, क्रेन तशाच, कामावर जाता-येता दिसतो, सळया वर आलेल्या.

याला इथे क्रेप्पा म्हणतात, मंदी. कशालाही तोच शब्द जोडतात आता. ज्यांनी येनमध्ये नाहीतर स्विस फ्रँकमध्ये कर्ज काढून गाड्या घेतल्या त्यांचे हप्ते डबल झाले, रेंज रोव्हरला लोक गेम ओव्हर म्हणतात.

तर सांगत होतो विणकामाचं. नोव्हेंबरमध्ये अम्माने बघितलं की मी दुपारभर घरात असतो, सरळ हातात सुया दिल्या. मी म्हटलं, लहानपणी आईकडून दोन सुलट दोन उलट एवढं शिकलोय, पुढे मुलांनी चिडवलं म्हणून सोडलं. ती म्हणाली इथे उलट नाहीच. खरंच जवळजवळ नाही, लोपापेसा म्हणजे इथला लोकरी स्वेटर गोल सुईवर विणतात, गोल गोल फिरत राहायचं, कडेच्या पट्ट्या सोडल्या तर नुसते सुलट टाके, अंग वेगळं, बाह्या वेगळ्या, मग काखेपाशी तिन्ही एका सुईवर घेऊन वरचं नक्षीचं गोल चालू, मानेकडे जाताना टाके कमी करत करत. लोकर मात्र नाजूक, त्यातली एक जात तर पीळच नसलेली, जरा ओढली की तुटते. तुटली तर थुंकी लावून दोन टोकं तळहातात चोळायची, जोडली जातात. पहिल्यांदा किळस आली, आता काही वाटत नाही.

नक्षीचा तक्ता चौकोनी कागदावर असतो, एक घर एक टाका. मला रांगोळीचा कागदच आठवला. घरी येऊन ऑटोकॅड उघडलं (लायसन्स ऑफिसचं, पण बोंबलायला ऑफिसात आहे कोण) आणि कुयरी काढायला बसलो. २४० टाक्यांच्या गोलात १२-१२ टाक्यांच्या वीस कुयऱ्या, पैठणीच्या काठासारख्या. फार खूश होतो. अम्माने चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली हे विणता येणार नाही. एक तर एका ओळीत मी तीन रंग घेतलेले, इथे दोनच. दुसरं म्हणजे पाठीमागून सात-आठ टाके दोरा ओढत न्यायचा म्हणजे आत लोंबणार, घालताना बोटं अडकणार, पाचाच्या पुढे जायचं नाही. पुन्हा वर टाके कमी होत जाणार, म्हणजे कुयरीचं वळलेलं टोक तिथेच खाल्लं जाणार. तीन वर्षं मी लोकांच्या ड्रॉइंगमध्ये अशाच चुका काढत होतो. दहा दिवस पुन्हा पुन्हा काढली, शेवटी कुयरी वळायची थांबली आणि सरळ उभी राहिली. क्लबमधल्या एकीने बघून विचारलं, हा मासा आहे ना? मी हो म्हटलं.

तो पहिला स्वेटर डिसेंबरमध्ये कोलापोर्टिदमध्ये विकला, शनिवार-रविवारचा जुना बाजार बंदराजवळ भरतो तिथे, जुनी पुस्तकं, सुका मासा (अगदी आपल्या सुकटीचा वास, माझ्या आजोळची आठवण), आणि आता टेबलाटेबलावर लोपापेसे. अम्माच्या मैत्रिणीचं टेबल होतं, त्यावर एक कोपरा आम्हाला. क्रोना पडल्यामुळे टुरिस्टांना सगळं स्वस्त. एक इंग्रज आला, घालून बघितला, किंमत विचारली. ठरलेली बारा हजार क्रोना. अम्मा ठणठणीत इंग्रजीत म्हणाली पंधरा. तो गेल्यावर मी विचारलं हे काय, तर म्हणाली, त्यांच्या पंतप्रधान ब्राउनने आमच्या बँकेवर दहशतवादाचा कायदा लावला, तीन हजार त्याचे. ते तीन हजार तिने मला दिले नाहीत हेही लिहून ठेवतो.

पण गंमत गंमत म्हणून किती लिहू. बारा हजारांतून लोकर वजा केली तर पंधरा दिवसांच्या हाताला काय सुटलं ते मला माहितीये. गेल्या वर्षी पन्नास हजार क्रोना पाठवले की घरी तीसेक हजार रुपये पोचायचे, आता वीस पण होत नाहीत, आणि पन्नास आणायचे कुठून. नोव्हेंबरपासून परकीय चलनावर निर्बंध आलेत, बँकेत पैसे बाहेर पाठवायचे म्हटलं की समोरची मुलगी नजर चुकवते. गेले दोन महिने मी घरी सांगतोय की बँकेचा घोळ आहे. अर्धं खरं आहे ते.

२७ जानेवारी, मंगळवार

काल सरकार गेलं. वेस्तुरबाइरच्या पूलवर होतो, ४२ डिग्रीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून, डोक्यावर बर्फ पडतोय. हा पॉट म्हणजे इथला गावचा पार, शाळामास्तर, ट्रॉलरवाला, बँकेतून काढलेला, सगळे एका डबक्यात. (आधी सगळ्यांसमोर कपडे काढून साबण लावून अंघोळ करावी लागते, पहिले सहा महिने मी त्या भीतीनेच गेलो नाही, आणि मग म्हणायचो इथले लोक थंड, मिसळत नाहीत.) कोणीतरी येऊन सांगितलं, कोणी ओरडलं नाही, एक म्हातारा नुसता 'याया' म्हणाला आणि पाण्यात अजून जरा खाली सरकला.

आज आईशी स्काइपवर बोललो. म्हटलं थाळीला पोचा आलाय, तर म्हणाली कसा, मग सगळं सांगावंच लागलं. घाबरेल वाटलं होतं. आई खुर्चीत पुढे सरकून बसली. "अरे, आम्ही मृणालताईंबरोबर गोरेगावात हेच केलं! बाहत्तर-त्र्याहत्तरला, महागाईच्या मोर्च्याला, लाटणी घेऊन. बाबांशी लग्न पण झालं नव्हतं माझं." तेहतीस वर्षांत मला हे कधी बोललीच नव्हती. मृणाल गोरे म्हणजे पाणीवाली बाई एवढंच मला माहीत, आणि त्या घोळक्यात माझी आई होती. मग जरा थांबून म्हणाली, "नोकरी किती राहिलीये?"

मी म्हटलं, म्हणजे?

"तीस वर्षं बँकेत काउंटरला बसले मी. आकडे बघून कळतं मला. ऑक्टोबरात पूर्ण, नोव्हेंबरात निम्मे, डिसेंबरात काहीच नाही. बँकेचा घोळ असा उतरत्या क्रमाने नसतो."

अर्धी, म्हटलं. ती बरं म्हणाली. मग दोघंही थोडा वेळ गप्प, मागे तिकडे रिक्षाचा हॉर्न. विषय बदलायला मी कॅमेऱ्यासमोर स्वेटर धरला, दुसरा, अजून गळा बाकी आहे. तिने चष्मा शोधला, जवळ ये म्हणाली, अजून जवळ, आणि म्हणाली, "कुयऱ्या उभ्या का काढल्यास?"

बाबांसाठी एक कर म्हणते. पहाटे पाचला फिरायला जातात, माकडटोपी घालून. पैसे पाठवता येत नाहीत तर स्वेटर पाठव, त्याला कोण अडवतंय. मापं लिहून दिली, छाती ४०, बाह्या जरा आखूड, मान मोठी ठेव, गळ्याला बोचलं की काढून टाकतात.

खाली जाऊन अम्माला दाखवली. तिने विचारलं, तिकडे थंडी किती असते? मी म्हटलं, जानेवारीत पहाटे सोळा-सतरा. उणे? नाही, अधिक. अम्माने कागद खाली ठेवला. मग उठून कपाटातून सगळ्यात पातळ लोकर काढली, करडी आणि गेरूच्या रंगाची, आणि म्हणाली बाह्या काढूनच टाक.